दुखण्याचें भाषांतर

काव्याच्या भाषांतरांत होणाऱ्या हानीविषयीं पुष्कळ चर्चा होते. दुखण्याच्या भाषांतराचा विचार क्वचित् होतो. वस्तुतः येथली हानी कागदावर न राहतां शरीरास भोगावी लागते.

गुडघ्याच्या संधिवाताचें मापन करण्यासाठीं 'वोमॅक' नांवाची प्रश्नावली कॅनडांत तयार होऊन १९८८ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत २४ प्रश्न आहेत. ५ वेदनेविषयीं, २ सांधा आखडण्याविषयीं आणि १७ नित्य व्यवहारांविषयीं. मोजे चढवितांना, टबांत उतरतांना, मोटारींतून बाहेर येतांना किती त्रास होतो, असें ती विचारते. स्पॅनिश भाषेंत तिचें रूपांतर झालें, तेव्हां मोजे तरी तेथें होते!

आतां हीच यादी भंडारा जिल्ह्यांत रोवणी करणाऱ्या एखाद्या स्त्रीपुढें ठेवून पाहा. चुलीपुढें उकिडवें बसणें, जेवतांना मांडी घालणें यांचा तींत उल्लेखच नाहीं. वाकण्याविषयीं एक प्रश्न आहे खरा. पण एकदां वाकणें निराळें आणि पऱ्हे हातीं घेऊन चिखलांत दिवसभर वाकून राहणें निराळें. मोज्यांविषयीं विचारलें तर ती प्रामाणिकपणें 'कांहीं त्रास नाहीं' म्हणेल आणि कागदावर शून्य पडेल. तें शून्य खोटें आहे. पण खोटें बोललें कोण? शिवाय, गुडघ्यापायीं पाणी भरणें सुनेकडे गेलेलें असतें, आणि सोडून दिलेलें काम दुखत नाहीं. 'वेदना' हा तर ग्रंथांतला शब्द. तिचा गुडघा ठणकतो, त्यांत कळ येते.

शास्त्रज्ञ म्हणतील, प्रश्न बदलले तर भंडाऱ्याचा आकडा कॅनडाच्या आकड्याशीं ताडून पाहतां येणार नाहीं. हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. तिकडे गुणकारी ठरलेला उपचार इकडे पारखावयाचा तर माप एकच हवें. म्हणूनच रूपांतराची रीत ठरलेली आहे: दोघांनीं स्वतंत्र भाषांतर करावें, मूळ न पाहिलेल्यांनीं तें उलट फिरवावें, तज्ज्ञांनीं दोन्ही ताडावीं, आणि शेवटीं ३०-४० रुग्णांवर चांचणी घ्यावी. परंतु उलट फिरविलें तरी मोजे मोजेच होऊन परत येतात. भाषांतर निर्दोष, प्रश्न निरर्थक! मोज्यांच्या जागीं मांडी घालावी, तुलनेची हानि सोसावी, आणि तसें स्पष्ट लिहून ठेवावें, असें माझें मत आहे. तुलनेंतील उणीव टीपेंत सांगतां येते. त्या स्त्रीच्या शून्याला टीप कोण जोडणार?

सारी भिस्त अखेर त्या चांचणीवर, आणि तीस जणी कोठून निवडल्या यावर. रोवणीच्या दिवसांत त्या दवाखान्यांत सांपडणार नाहींत. विचारणाराला बांधीपर्यंत चिखल तुडवीत जावें लागेल.