वेष्टनावरील दोन मुखे

१९७५ साली आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे मलम विक्रीस आले. त्याच्या वेष्टनावर पुढे एकाच स्त्रीची दोन मुखे असत, एक सावळे व एक गोरे. अक्षरओळख नसलेल्या बाईसही त्याचा अर्थ कळे. जाहिरातींत तर सावळी मुलगी गोरी होताच तिला नोकरी मिळे, तिचे लग्न जमे. आधी लाज उत्पन्न करावी, मग तिजवर औषध विकावे! एदेन बागेत सर्पानेही हव्वेस जे उणे नव्हते तेच उणे भासविले. २०१९ साली ती मुखे काढिली गेली. २०२० साली ‘फेअर’ हा शब्दही गेला. परंतु सोयरीक ठरविताना ‘मुलगी रंगाने कशी?’ असे आपल्या मंडळीत अद्याप विचारतातच ना? उपासनेस बसलेली सावळी मुलगी ते ऐकत असते.