हात लावण्याची मुभा

संग्रहालयातल्या वस्तूला प्रेक्षकाने हात लावू नये, हा नियम वाटतो तितका जुना नाही. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या काही संग्रहांत वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहणे वावगे नव्हते. एकोणिसाव्या शतकात संग्रहालये सर्वांना खुली झाली, गर्दी वाढली आणि काचेची कपाटे व पहारेकरी आले. प्रेक्षकाच्या वाट्याला केवळ पाहणे उरले. ते अपुरे आहे, ही जाणीव विसाव्या शतकाच्या मध्याला बळावली.

१९५७ साली ह्यूस्टन येथील व्याख्यानात मार्सेल द्युशाँ यांनी सांगितले, की निर्मिती एकट्या कलावंताकडून पुरी होत नाही. प्रेक्षक कलाकृतीचा अर्थ लावून तीत आपली भर घालतो. ही भर मनाने घालायची होती. जपानमध्ये मात्र हात आधीच कामाला लागले होते. १९५६ साली कोबेजवळच्या अशिया शहरात गुताई गटाने उघड्यावर प्रदर्शन भरवले. तिथे जिरो योशिहारा यांनी मोठा फलक उभारून येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यावर हवे ते रेखाटू दिले. पुढे योको ओनो यांनी थेट सूचनाच कलाकृती म्हणून मांडल्या. त्यांपैकी एका कृतीत प्रेक्षकाने लाकडी फळीवर खिळा ठोकायचा असतो.

या विचाराला खरी खोली आली ती ब्राझीलमध्ये. लिजिया क्लार्क यांनी १९६० च्या सुमारास ‘बिशुस’ ही शिल्पमालिका घडवली. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बिजागरीने एकमेकांना जोडलेले. एक पत्रा उचलला की दुसराच कुठेतरी कलतो, तिसरा अडून बसतो. प्रेक्षकाला मनासारखा आकार सहजी मिळत नाही. शिल्पाचा कल ओळखून घ्यावा लागतो. कलाकृतीही प्रेक्षकाला प्रत्युत्तर देते, हे इथे हाताला कळते. नंतरच्या कित्येक बटणे दाबायच्या मांडण्यांत एवढी देवघेव नसते. क्लार्क यांचे सहकारी एलिओ ओइतिसिका यांनी अंगावर घेऊन नाचण्यासाठी ‘पारांगोले’ हे झगे तयार केले. १९६५ साली मांगेइरा वस्तीतले सांबा नर्तक ते घालून रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात आले, तेव्हा त्यांना आत नाचू दिले गेले नाही. नाच बाहेर झाला. सहभागाचे निमंत्रण नेमके कोणाला, हा प्रश्न तिथेच उघडा पडला.

संग्रहालयाने दार उघडले तेव्हा वेगळीच अडचण आली. १९७१ साली लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस यांनी प्लायवूडचे उतार, तुळया आणि दोर मांडले. लोक त्यांवर इतक्या उत्साहाने चढले, की दुखापती झाल्या आणि चारच दिवसांत प्रदर्शन बंद करावे लागले. २००९ साली ते अधिक सुरक्षित साहित्यात पुन्हा उभारण्यात आले. २०१० साली टेट मॉडर्नमध्ये आय वेइवेइ यांनी चिनी मातीच्या, हाताने रंगवलेल्या दहा कोटी सूर्यफूल बिया पसरल्या. त्यांवरून चालणेही काही दिवसांतच थांबवले गेले; कारण होते उडणारी धूळ.

१९९० नंतर सहभाग सामाजिक झाला. रिरक्रित तिरावनिजा यांनी १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत थाई रस्सा-भात शिजवून लोकांना फुकट वाढला. अशा कलेत माणसांमधले संबंध हीच सामग्री असते, अशी मांडणी निकोला बुरिओ यांनी केली. क्लेअर बिशप यांनी २००४ साली आक्षेप घेतला: जमणारे बहुतेक कलाविश्वातलेच, मग या मेळात मतभेदाला जागा कुठे? मांगेइराच्या नर्तकांच्या बाबतीत जे घडले ते पाहता हा आक्षेप रास्तच ठरतो.

फेलिक्स गोन्सालेस-टोरेस यांची १९९१ ची कृती या साऱ्यात वेगळी उठून दिसते. एड्सने गेलेल्या जोडीदाराच्या स्मृतीसाठी त्यांनी चकचकीत कागदातल्या गोळ्यांचा ढीग रचला. आदर्श वजन १७५ पौंड. प्रेक्षक गोळी उचलतो, तोंडात टाकतो आणि ढीग घटतो. त्या झिजण्यात त्याचाही वाटा असतो. ढीग पुन्हा भरण्याची मुभा मालकाला कलाकृतीसोबतच्या प्रमाणपत्रानेच दिलेली आहे. त्यामुळे जपणूक आणि स्पर्श यांचे इथे भांडण उरत नाही. ‘बिशुस’च्या नशिबी मात्र तेच आले: २०१४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या क्लार्क प्रदर्शनात हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेवाव्या लागल्या. मूळ शिल्पे आता हात लावण्यापलीकडे मौल्यवान झाली आहेत.