माहिती ही अमानत आहे

मुसलमानांवर संशोधन होत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला, महाराष्ट्रात डॉ. महमूद-उर-रहमान अभ्यासगटाने 2013 मध्ये अहवाल दिला. आमच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठच आहे. मोहल्ल्यात प्रश्नावली घेऊन कोणी आले तर त्याचे नवल वाटत नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या आयुष्याची माहिती घेतली, त्याचा त्या माहितीवर हक्क किती?

अमानत हा शब्द आपण घराघरांत शिकवतो. दुसऱ्याची ठेव सांभाळावी आणि ज्याची त्याला परत करावी. तलाक मिळालेली बाई किंवा काम सुटलेला विणकर अनोळखी माणसापुढे आपले दुःख उघडे करतो, तेव्हा तो दान देत नाही, ठेव ठेवतो. त्या ठेवीवर कोणाला पदवी मिळाली, कोणाला बढती मिळाली, आणि मोहल्ल्यात मात्र एक पानही परत आले नाही, तर ती खयानतच होय.

पण अहवाल परत आणून देणे एवढ्याने भागीदारी होत नाही. ती प्रश्न ठरवण्यापासून सुरू होते. शिक्षण, नोकऱ्या, बँकांची कर्जे यांबाबत सच्चर समितीने जे आकडे दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. तरी सात सदस्यांच्या त्या समितीत एकही स्त्री नव्हती, आणि महिला कार्यकर्त्यांनी ते तेव्हाच बोलून दाखवले होते. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 2015 मध्ये 10 राज्यांतील 4,710 मुस्लिम स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. विचारणाऱ्या बायकाच होत्या, म्हणून प्रश्नही घरातले निघाले: मेहर किती ठरला, तलाक कसा दिला? तोंडी, एकतर्फी तलाक बंद व्हावा असे नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी सांगितले. संस्थेचे मत आधीच ठरलेले होते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. तो तपासायलाच हवा. पण आधी त्या बायकांना कोणी विचारलेच नव्हते, हेही विसरू नये.

याहून जुना दाखला मुंबईचा आहे. जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पदपथावरील झोपड्या हटवण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा स्पार्क या संस्थेने भायखळा व आसपासच्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची गणती केली, ती तिथल्याच रहिवाशांना सोबत घेऊन. या बायकांत मुसलमान स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढच्याच वर्षी पदपथावरच्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. मोजल्या जाणाऱ्या बायका मोजणाऱ्या झाल्या, आणि सरकारशी बोलताना त्यांच्या हाती स्वतःचे आकडे होते.

म्हणून अनुभव म्हणजेच ज्ञान, असे मात्र मी म्हणणार नाही. उपाशी माणसाला आपली भूक ठाऊक असते. गल्लीत किती चुली पेटल्या नाहीत, हे मोजावेच लागते, आणि मोजण्याचे शास्त्र शिकलेल्याकडे असते. शिवाय ‘समाज’ म्हणून पुढे बसतो तो बहुधा पुढारी किंवा ठेकेदार. अभ्यासकाने त्यालाच भागीदार मानले तर विणकराची बायको पुन्हा मुकीच राहील. आणि निष्कर्ष कडू निघाला म्हणून तो पुसून टाका, असे सांगण्याचा हक्क भागीदारालाही नाही. तीही खयानतच.

जनगणनेची वही घेऊन दारोदार जाणे आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येते. 2019-20 च्या नागरिकत्वाच्या वादानंतर नाव-गाव विचारणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले. नुसते ओळखपत्र दाखवून तो संशय जात नाही. आणि दार बंद करूनही आपले भले होत नाही. न मोजलेल्याचे दुःख सरकारदरबारी नसल्यातच जमा असते.

तेव्हा दार उघडावे, पण आधी आपणही विचारावे: हा प्रश्न कोणी ठरवला? उत्तर कोणाला सांगणार? आणि आमच्या भाषेत ते आम्हाला ऐकवायला परत केव्हा येणार? नववी-दहावीच्या मुलामुलींना एवढे विचारायला शिकवले, तरी आपल्या शाळांनी मोठे काम केले असे होईल.