ताट मिळालं, वाटा नाही

छत्रपती संभाजीनगरातल्या एका व्याख्यानात परवा एका वक्त्यांनी ठासून सांगितलं की गुलमंडी, रंगारगल्लीतल्या जुन्या वाड्यांना कधी मानसोपचारतज्ज्ञ लागला नाही. तीस माणसांच्या घरात एखादा ‘तसा’ असायचाच, तो आपोआप सांभाळला जायचा. वाडे पडले, फ्लॅट आले आणि मागोमाग नैराश्य, स्किझोफ्रेनिया ही विलायती भुतं आली. टाळ्या कडाडल्या. वाजवणाऱ्यांतले बरेचसे सिडको-हडकोत राहायला गेलेले आणि वाड्यात परतायची त्यांची बिलकूल तयारी नाही, हा भाग वेगळा.

लागला नाही म्हणे! निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय काही काळ जालन्यात होतं, इथून साठेक किलोमीटरवर. पुढे ते हैदराबादला गेलं. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. मग रुग्णाला घेऊन आधी सैलानी बाबांच्या दर्ग्यावर, बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईला. उतार पडला नाही तर घाटी, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय. तिथेही नातेवाईक एवढंच सांगतात, ‘झोप लागत नाही हो त्याला.’ पुढचं डॉक्टरांनी ओढून काढायचं. लग्नाच्या बहिणी असतील तर तेवढंही सांगत नाहीत.

इथेच लेख संपवून मोकळं होता आलं असतं. पण वक्त्यांच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे आणि त्यांनी तो बोलावला नाही, म्हणून मीच उभा करतो. जॉर्ज ब्राऊन, ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. १९५८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लंडन परिसरातल्या मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या पुरुषांचा माग काढला. आपण म्हणू, मायेच्या माणसांत गेला तो सावरला असेल. निघालं भलतंच. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणींकडे राहिलेले अधिक बरे राहिले. ब्राऊन मग घराघरांत जाऊन नातेवाइकांचं बोलणं ऐकत बसले. टोचून बोलणं किती, चीड किती, आणि जीव लावता लावता गुदमरवणं किती, हे त्यांनी मोजलं. या तिसऱ्या गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. आईचा अतिरेकी कळवळा आणि बापाचा शिमगा एकाच तागडीत घालायला धाडस लागतं. त्याच काळात अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचं खापर थेट आईवर फोडणारा सिद्धान्त जोरात होता. ब्राऊन त्या वाटेला गेले नाहीत. १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांच्या अभ्यासात तासांचा हिशेबही दिसला: अशा तापलेल्या घरात आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला, की आजार उलटण्याचा धोका वाढतो.

आणि १९८७ मध्ये विग, लेफ प्रभृतींनी तोच गज चंदीगडच्या घरांना लावला, तर तापलेली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली.

तेव्हा वाड्यात काहीतरी होतं हे मला कबूल करावंच लागतं. काय होतं, ते मी गुलमंडीतल्या एका कापड दुकानात बघितलं आहे. दुकानाचं नाव सांगत नाही. त्या घरातले आजारी मधले काका गादीच्या मागे बसायचे. दिवाळीत गिऱ्हाईक पंचवीस साड्या उलगडून एक घेऊन जायचं, उरलेल्या चोवीस काकांपुढे. काठाला काठ जुळवून, पदर आत घेऊन ते शांतपणे घड्या घालायचे. त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नसे, आणि बोट दाखवायलाही कुणाला फुरसत नसे. पस्तीस तास एकट्या कुणाच्याच वाट्याला यायचे नाहीत. माया होतीच असं नाही. काम होतं आणि गर्दी होती. दुपारी वर जेवायला गेले की वहिनी गोळी कुटून वरणात घालायची. काकांना ते ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं.

इथवर वक्ते जिंकले. पण वाड्याचा कायदा कुणी लिहिला होता? मिताक्षरेत विज्ञानेश्वरांनी. आपल्या सीमेला लागूनच असलेल्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणमध्ये, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आधारे ते सांगतात की उन्मत्त माणसाला पोसावं, पण वाटणीत हिस्सा देऊ नये. औषधाने तो बरा झाला तर हिस्सा मिळेल आणि त्याच्या निर्दोष मुलांनाही मिळेल, एवढी फट त्यांनी ठेवली. टीकाकार म्हणून विज्ञानेश्वर थोरच. पण वक्त्यांना जो सांभाळ दिसतो त्याची अट याच तरतुदीत आहे: जेवायला ये, हिशेबाला येऊ नकोस.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने हे मोडलं. कोणत्याही रोगामुळे वारसा बुडत नाही. त्यावर घरांनी तोड काढली, तिचं नाव हक्कसोडपत्र. सोयरिकीच्या बैठकीत ज्या भावाला माडीवर कोंडून ठेवतात, तोच दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नवा शर्ट घालून, भांग पाडून, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने सही करतो. तेवढ्या दिवसापुरता त्याला कुणी वेडा म्हणत नाही. पुढे दुकान एकाचं, वाड्याची जागा दुसऱ्याची, आणि काका सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. फ्लॅट नंतर आले. काकांचं काम वाटणीच्या दिवशीच गेलं होतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने कोण बोलेल हे सज्ञान माणूस स्वतः ठरवू शकतो. स्टँप पेपरही लागत नाही. साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. थोरल्या भावाचंच नाव घालायला हवं असं नाही. काका वहिनीचंही नाव देऊ शकतात. ज्या वाटणीपत्राने काकांना उठवलं, त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं.