आराम खरा, मग खवले कशाला?

खवले मांजर घाबरलं की पळत नाही. पोट आत, खवले बाहेर असं वेटोळं करून पडून राहतं. बिबट्याच्या दातांपुढे ही युक्ती टिकते, पण माणूस ते गाठोडं तसंच उचलून पोत्यात घालतो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था कोकणात या प्राण्याच्या रक्षणासाठी झटते आहे, तरी खवल्यांची तस्करी थांबलेली नाही.

चिनी पारंपरिक औषधांत बाळंतिणीला दूध यावं, सूज उतरावी म्हणून खवल्यांची पूड देत आले. २०२० साली चीनने आपल्या औषधकोशाच्या यादीतून खवले वगळले, पण काही तयार औषधांत ते राहिलेच. खवला म्हणजे केराटिन. आपल्या नखांतही तेच असतं.

तरीही ‘मला गुण आला’ म्हणणाऱ्याला मी खोटारडा ठरवणार नाही. १९७८ साली अमेरिकेत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध नसलेल्या इंजेक्शनानेही काहींचं दुखणं कमी झालं. त्यांना अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. याचा अर्थ, विश्वासाच्या बळावर शरीराने स्वतःच वेदनाशामक तयार केलं होतं. यालाच प्लासिबो परिणाम म्हणतात, आणि तो आराम खराच असतो.

पण त्यासाठी जीव घ्यावा लागतो का? हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी २०१० साली पोटाच्या जुनाट विकाराच्या ८० रुग्णांवरचा अभ्यास मांडला. सुमारे निम्म्यांना स्पष्ट सांगून औषधविरहित गोळ्या दिल्या, उरलेल्यांना काहीच नाही. डॉक्टर दोन्ही गटांशी सारख्याच आपुलकीने वागले. तीन आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता, दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांना. सगळं उघड सांगूनही हे घडलं! ना खवला लागला, ना थाप.

मात्र या आरामालाही मर्यादा आहे. दुखणं, मळमळ, बेचैनी त्याने हलकी होते, गाठ विरघळत नाही. गेंड्याच्या शिंगाने कर्करोग बरा होतो, या समजुतीने व्हिएतनाममध्ये शिंगाची मागणी भडकली. त्या देशातला शेवटचा जावन गेंडा २०१० साली मारलेला सापडला. त्याचं शिंग कापून नेलं होतं.

आपल्याकडे घोरपडीचं तेल गुडघ्याला चोळतात. माझ्या मते त्यातला गुण चोळणाऱ्या हाताचा असतो, शिवाय वैदू शेजारी बसून सगळं ऐकून घेतो त्याचाही. दवाखान्यात मान वर न करता चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यावं. घोरपड आणि खवले मांजर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर साधं तिळाचं तेल कोमट करा, रोज थोडा वेळ चोळून द्या, आणि त्यांना डॉक्टरकडेही न्या.