ओत्रारचा सुभेदार

एकाच्या पापाचे फळ निरपराध अनेकांस का भोगावे लागते, हा प्रश्न संसारी मनुष्यास वारंवार छळतो. घरातील कर्ता पुरुष चुकतो आणि लेकराबाळांची अन्नान्नदशा होते. शेजारी सहज म्हणून जातात, ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध!’ या उत्तराने माझे समाधान कधीच झाले नाही. ओत्रारचा इतिहास वाचल्यापासून तर ते मला निष्ठुर वाटू लागले आहे.

सिर दर्या नदीच्या प्रदेशात, आजच्या दक्षिण कझाकस्तानात, ओत्रार हे ख्वारज्म राज्याच्या सीमेवरील संपन्न व्यापारी नगर होते. १२१८ मध्ये चंगीझखानाकडून सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा काफिला मौल्यवान माल घेऊन तेथे आला. नगराचा सुभेदार इनालचुक हा राजमातेचा आप्त. फारसी इतिहासकार जुवैनी सांगतो की, त्या काफिल्यात एक हिंदुस्थानचा मनुष्य होता व त्याची सुभेदाराशी जुनी ओळख होती. त्याने ‘गायिरखान’ ही पदवी न लावता, पूर्वीच्या सलगीने, नुसत्या नावाने हाक मारली. एवढ्यानेच सुभेदाराचा अभिमान दुखावला. मालाचा लोभ तर होताच. हेरगिरीचा आळ घालून त्याने व्यापाऱ्यांचा वध करविला व माल बळकाविला.

चंगीझखानाने प्रथम दूत पाठवून अपराधी मागितला. शाह महंमदाने मुख्य दूतासच ठार केले. सुभेदारास स्वाधीन केले असते तर युद्ध टळलेच असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु अन्यायास अन्याय म्हणण्याची ती अखेरची संधी होती. आप्ताचा अपराध झाकताना आपणही कित्येकदा हेच करतो, नाही का?

१२१९ मध्ये वेढा पडला. सुमारे पाच महिन्यांनी कराजा नावाच्या सेनानीने नगर सोडून शत्रूस शरण जाणे पत्करले; मंगोल राजपुत्रांनी त्यास स्वामिद्रोही म्हणून मारले. इनालचुक किल्ल्यात आणखी महिनाभर लढला. बाण संपल्यावर दासींनी भिंतीच्या विटा काढून दिल्या व तो त्या फेकीत राहिला. शौर्य खरेच! शेवटी त्याच्या डोळ्यांत तापलेले रुपे ओतले, अशी कथा आहे. ती ऐकून ‘बरे झाले’ असे मनात येते, आणि येथेच आपण फसतो. कारण तोपर्यंत नगर उजाड झाले होते. तलवारीतून वाचलेले सामान्य जन व कारागीर वेठीस धरून नेले गेले. १२२० मध्ये बुखारा आणि समरकंदही पडले. लुटलेल्या मालातले त्यांच्या पदरी काय पडले होते?

काम, क्रोध आणि लोभ यांस गीतेच्या सोळाव्या अध्यायात नरकाची द्वारे म्हटले आहे. त्या द्वारातून मनुष्य एकटा आत जात नाही. त्याच्या आश्रयाने राहणारेही ओढले जातात. म्हणून चंगीझखानास ईश्वरी दंडाचा हात ठरविणे मला मान्य नाही. त्याची तक्रार न्याय्य होती, पण नगरेच्या नगरे मारण्याचा अधिकार तिने त्यास दिला नव्हता. कर्मसिद्धान्त हा आपले आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडण्यासाठी नव्हे. वेठीस निघालेल्या ओत्रारच्या एखाद्या कारागिराने वाटेत थांबवून ‘माझा अपराध कोणता?’ असे विचारले असते, तर मी मान खाली घातली असती.