पेटीचा खालचा थर

बस. खुर्चीवर नको, इथे चटईवर. लहानपणी बसायचास तिथेच.

तू विचारलंस, सेंटमध्ये अल्कोहोल असतं, तो लावून नमाज होते का? उत्तर ऐक आणि हा विषय मिटव. विद्वानांत यावर मतभेद आहेत. मनात शंका असेल तर लावू नकोस, बिनअल्कोहोलचं अत्तर रत्नागिरीच्या बाजारात हवं तेवढं मिळतं. गेल्या जुम्याला विचारलंस, मोबाइलवर कुराण वाचायला वजू लागतो का. रमजानात विचारलंस, रोज्यात टूथपेस्ट चालते का. दरवेळी मी सांगितलं, दरवेळी तू मान डोलावलीस आणि गेलास. आज जाऊ देणार नाही. मी मुफ्ती नाही, फतवे देत नाही. पण या वाडीतल्या मकतबात तीस वर्षं पोरांना दीनियात शिकवली आणि तू माझा विद्यार्थी आहेस. सबक चोख असायचा तुझा. जो शिकलाच नाही त्याला मी काय बोलणार? तू शिकलास, आणि नेमकं गैरसोयीचं तेवढं विसरलास.

परवा तुझ्या अंगणात पेट्या भरताना मी उभा होतो. वरच्या थरात अडीचशे ग्रॅमचं फळ, देखणं, एकसारखं. खालच्या थरात बारीक माल, दोन-चार डागी, आणि मध्ये गवत. पेटीवर ठसा रत्नागिरी हापूसचा, आणि त्यातला निम्मा आंबा रात्री कर्नाटकातून आलेल्या टेम्पोतला. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या आंब्याला. ते तुलाही ठाऊक आहे, कारण त्याच्या नोंदणीसाठी तूच धावपळ केली होतीस. मी विचारलं तर म्हणालास, उस्ताद, वाशीला सगळे असंच पाठवतात, धंद्यात चालतं. कुठे चालतं? मदिनेच्या बाजारात पैगंबर साहेबांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. त्याला विचारलं गेलं, मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असं सांगितलं गेलं. ही हदीस तू याच चटईवर पाठ केलीस. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मला विचारलं होतंस, आंब्याच्या पेटीलाही हे लागू होतं का. मी हो म्हणालो होतो. आजही हो म्हणतो. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि लपवला तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क आहे. मुंबईचं गिऱ्हाईक पेटी परत करायला रत्नागिरीला येणार नाही, एवढाच तुझा आधार.

आता गड्याचं बोलू. याच्यासाठीच तुला खरं थांबवलं आहे.

तो नेपाळचा माणूस दसऱ्यानंतर आला. कलमांना खत घातलं, मोहोर आल्यावर रात्री-अपरात्री फवारणीचे पाइप ओढले, वानर हाकले, कातळावरच्या त्या पत्र्याच्या खोपीत बायको आणि दोन पोरं घेऊन आठ महिने राहिला. आता जून लागला. पाऊस दारात आहे, त्याला गावी जायचं आहे. त्याचे पाच महिन्यांचे पैसे तू दिलेले नाहीस. त्याचं ओळखपत्र तुझ्या कपाटात आहे. वाशीचा दलाल पट्टी काढील तेव्हा देतो म्हणतोस. दलालाशी व्यवहार तुझा आहे, त्याचा नाही. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही हदीस सांगायला तुला मौलवी लागत नाही. बुखारीत आणखी एक आहे. कयामतच्या दिवशी अल्ला स्वतः ज्या तिघांविरुद्ध उभा राहील, त्यातला एक म्हणजे माणसाकडून पुरतं काम करून घेऊन मजुरी न देणारा. ऐपत असूनही देणं लांबवणं हा जुलूम आहे, हेही शिकवलं होतं. तू तर मे महिन्यात नवी गाडी घेतलीस.

आणि तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं, त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही. म्हणालास, तो काही आपल्यातला नाही. कोण नाही आपल्यातला? मक्केचे लोक पैगंबर साहेबांच्या जिवावर उठले होते. त्यांच्याच ठेवी साहेबांकडे होत्या, कारण शहरात तेवढा विश्वासू माणूस दुसरा नव्हता. हिजरतीच्या रात्री हजरत अलींना मागे ठेवलं ते त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करायला. मारायला टपलेल्यांचाही पैसा बुडवला नाही. आणि हा बिचारा तुझी बाग राखून होता!

तू आखातात होतास ते वर्ष आठव. कंपनीने चार महिने पगार दाबला, पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, आणि तू फोनवर रडायचास. तुझी आई, अल्ला तिला जन्नत देवो, रोज मगरिबनंतर माझ्या दारात यायची. उस्ताद, पोरासाठी दुआ करा म्हणायची. मी केली. ती दुआ ज्या माणसासाठी केली, तो हाच का, असा प्रश्न हल्ली मला पडतो. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.

शेजारच्या वाडीतल्या त्या पोराला जानेवारीत काही कलमांवरचं फळ आगाऊ विकलंस. झाडावर नुसता मोहोर होता, वाटाण्याएवढी कैरीही धरली नव्हती. अवकाळी पाऊस झाला, मोहोर काळा पडला. तू सगळी रक्कम वसूल केलीस आणि म्हणालास, करार म्हणजे करार. फळ तयार होण्याची चिन्हं दिसेपर्यंत झाडावरचं फळ विकू नये, ही मनाई बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही हदीसग्रंथांत आहे. कारणही तिथेच दिलं आहे: अल्लाने फळच धरू दिलं नाही तर तू भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार? मनाई ऐकली ती खजुराच्या बागवाल्यांनी. तुझ्या कलमांसाठी वेगळा कायदा उतरलेला नाही. कोकणात सगळे असेच सौदे करतात हे मला माहीत आहे. ते सगळे माझ्याकडे शिकले नव्हते.

जकातीचा हिशेब तू मला मोठ्या अभिमानाने दाखवलास. तो वाचून मी वही मिटली. आंब्यावर उश्र, म्हणजे पिकाची जकात, का नाही? तर आपण कोकणी, शाफई, आणि शाफईंत फळांपैकी उश्र फक्त खजूर आणि द्राक्षांवर. बरोबर. बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांवर जकात का नाही? तेही शाफई मत, तेही बरोबर. मग जकात काढताना गाडीचं आणि बंगल्याचं सगळं देणं वजा केलंस, ते कुठल्या मताने? शाफईंचं प्रमाण मत आहे की डोक्यावर कर्ज आहे म्हणून जकात सुटत नाही. तिथे तू हनफी झालास! हनफींकडे जायचं तर आंब्याचा उश्र दे, सोनं साडेसात तोळे भरलं की त्या सगळ्याचेही शेकडा अडीच दे. प्रत्येक इमामाकडून फक्त सवलत उचलायची, याला दीन म्हणत नाहीत. त्या इमामांनी आयुष्यं झिजवली ती तुझे पैसे वाचवायला नव्हे. आणि कर्नाटकातून विकत आणलेला तो आंबा व्यापारी माल आहे, तो आणि त्याचा पैसा कुठल्याही मताने हिशेबात धरावा लागतो. तुझ्या वहीत त्याची ओळच नाही.

बहिणींचं शेवटी ठेवलं, कारण ते बोलताना माझा आवाज चढेल.

तुझे वडील गेले तेव्हा आई आधीच गेलेली. मागे एक मुलगा, दोन मुली. सूरा निसामधला हिशेब पोरालाही करता येतो: चार वाटे, दोन तुझे, एकेक त्या दोघींचा. म्हणजे निम्मी बाग त्यांची. सातबाऱ्यावर आज एकटा तूच. तू म्हणतोस, त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. कशी केली ते मला धाकटीने सांगितलं. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर कागद पुढे केलास आणि म्हणालास, सही नाही केलीस तर माहेर तुटलं समज. तिला जमिनीपेक्षा माहेर हवं होतं, म्हणून तिने सही केली. धाक घालून घेतलेल्या सहीला रजामंदी म्हणतात, असं मी तुला कधी शिकवलं? म्हणतोस, लग्नात त्यांना सोनं दिलं. वडिलांनी हयातीत दिलेली ती भेट होती, वारसाहक्क माणूस गेल्यावर सुरू होतो. म्हणतोस, 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, वकिलाने दाखवलं. दाखवलं असेल. ते कलम सरकारने लिहिलं. कुराणात वाटे सांगितले तिथे ‘शेतजमीन सोडून’ असे शब्द नाहीत, आणि ती आयत तुला तोंडपाठ आहे. अल्कोहोलच्या थेंबाला शरियत हवी आणि शंभर कलमांच्या बागेला सरकारी कायदा?

त्यांचा वाटा आधी त्यांच्या नावावर कर. फेरफार होऊ दे, उतारा त्यांच्या हातात पडू दे. त्यानंतर कुणी आपल्या खुशीने तुला काही दिलं तर घे. त्याआधी त्यांच्या वाट्यातून घेतलेला प्रत्येक आंबा त्यांचा आहे. गेल्या सहा हंगामांचं त्यांच्या वाट्याचं उत्पन्नही मांडून ठेव, मी वही तपासणार आहे.

पुढच्या साली हजला जायचा अर्ज भरतोयस, असं ऐकलं. लोकांचं देणं फेडून निघायचं असतं. पैगंबर साहेबांनी एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढवायला नकार दिला होता. अबू कतादांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं तेव्हा पढवली. कर्ज होतं फक्त दोन-तीन दिनारांचं.

आता ऊठ. गड्याची गाडी उद्या पहाटेची आहे. असर झाली, मगरिबला अजून वेळ आहे, आणि बागेपर्यंत जायला वीस मिनिटं लागतात. पैसे मोजून त्याच्या हातात दे, बायकोसमोर दे, आणि कपाटातलं ते ओळखपत्र विसरू नकोस.